सिझेरियनचा वाद आणि घरातील वडीलधारी माणसे



घरात सून किंवा लेक गरोदर राहिली की साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते : ‘‘आमच्या वेळी नव्हती हो ही सिझरची साथ.’’ पुण्यातील अनेक कुटुंबांत तीन पिढ्यांचे चित्र साधारण सारखेच दिसते. आजीची बाळंतपणे माजघरात सुईणीच्या हातून झाली. आईची ससून, केईएम, ताराचंद किंवा पेठेतील एखाद्या छोट्या प्रसूतिगृहात झाली. आणि नातीचे पहिलेच बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले. मग प्रश्न पडतो की हल्लीच्या मुलींना कळा सोसवत नाहीत, की डॉक्टरांना थांबायला वेळ नाही?

या दोन्ही शंकांत थोडे तथ्य आहे, पण त्यांपैकी कोणतीही पुरी नाही. शिवाय या वादात एका घटकाचा विचार सहसा कोणी करत नाही. तो घटक म्हणजे प्रसूतिगृहाच्या बाहेर बाकावर बसलेली आपण वडीलधारी माणसे. निर्णयाच्या घटकेला आपल्या तोंडून जे शब्द जातात त्यांचे वजन आपल्याला वाटते त्याहून अधिक असते.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातील ८.५ टक्के प्रसूती सिझेरियनने होत असत. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण १७.२ टक्के झाले आणि २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात २१.५ टक्क्यांवर पोहोचले. महाराष्ट्रात याच शेवटच्या दोन सर्वेक्षणांत ते २०.१ वरून २५.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे राज्यात दर चार बाळांमागे एक बाळ शस्त्रक्रियेने जन्मते.

याहून बोलका आकडा पुढे आहे. पाचव्या सर्वेक्षणात देशातील सरकारी रुग्णालयांत सिझेरियनचे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आढळले. अवघड, गुंतागुंतीच्या रुग्णा आसपासच्या तालुक्यांतून ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत पाठवल्या जातात. त्या हिशेबाने खरे तर सरकारी आकडा मोठा असायला हवा होता. तो उलटा आहे, याचा अर्थ शस्त्रक्रियेचा निर्णय केवळ आई-बाळाच्या प्रकृतीवर ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्के हे प्रमाण योग्य मानले होते. २०१५ च्या निवेदनात तिने अधिक नेमकी भूमिका घेतली. एखाद्या समाजात सिझेरियनचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत वाढते तेव्हा माता व नवजात बालकांचे मृत्यू घटतात. त्यापुढे प्रमाण वाढले तरी मृत्यू घटल्याचे दिसत नाही. मात्र अमुक एक टक्का गाठण्याचा अट्टाहास नको, जिला गरज आहे तिला शस्त्रक्रिया मिळावी यासाठी प्रयत्न व्हावा, असेही त्याच निवेदनात म्हटले आहे. वादाच्या भरात हे दुसरे वाक्य बहुधा विसरले जाते.

जुन्या काळाची दुसरी बाजू

‘आमच्या वेळी’ असे म्हणताना त्या वेळच्या सगळ्या गोष्टी आठवल्या पाहिजेत. पाटावरून उठून गेलेल्या बाळंतिणी, तीन दिवस अडून राहिलेल्या पहिलटकरणी, न रडलेली बाळे यांच्या कहाण्याही प्रत्येक जुन्या घरात आहेत, फक्त त्या सांगितल्या जात नाहीत. भारतातील पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल जन्मानंतर काही दिवसांतच गेले आणि त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या, हे आपण जाणतोच. डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयात रुजू झाल्या, तेव्हा ते एक लहान प्रसूतिगृह होते. तेथून ते मोठे रुग्णालय घडवताना त्यांनी शिरूर तालुक्यातील वढूसारख्या गावापर्यंत माता-आरोग्याची सेवा नेली. अडलेल्या बाईला वेळेवर मदत मिळाली नाही तर काय होते, हे त्या पिढीने पाहिले होते.

महाराष्ट्रात २००१-०३ च्या सुमारास दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातांचा मृत्यू होत असे; २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. रुग्णालयातील प्रसूती, रक्ताची सोय, रक्तस्राव रोखणारी औषधे यांच्याबरोबर वेळेवर झालेल्या सिझेरियनचाही यात मोठा वाटा आहे. आजही नंदुरबारमधील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून अडलेल्या बाईला झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो. म्हणजे एकाच राज्यात काही स्त्रियांना नको असलेली शस्त्रक्रिया मिळते आणि काहींना हवी असलेली मिळत नाही. म्हणून सिझेरियनला शत्रू मानून चालणार नाही. प्रश्न फक्त अनावश्यक सिझेरियनचा आहे.

प्रमाण का वाढले?

काही कारणे खरोखर वैद्यकीय आहेत. लग्ने उशिरा होतात, पहिले बाळंतपण तिशीच्या आसपास जाते. गरोदरपणातील मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि स्थूलता ही दुखणी वाढली आहेत. वंध्यत्वावरील उपचारांनंतरची आणि जुळ्यांची गर्भारपणेही अधिक झाली आहेत.

काही कारणे व्यवस्थेत आहेत. शहरातील पुष्कळ प्रसूतिगृहे एका डॉक्टरच्या जिवावर चालतात. दिवसभर बाह्यरुग्ण तपासायचे आणि रात्रभर कळा देणाऱ्या बाईजवळ थांबायचे, हे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवायचे असतात. पहाटे तीन वाजता धावपळ होण्यापेक्षा संध्याकाळीच निर्णय घ्यावा, हा मोह तेथे उभा राहतो. सिझेरियनला वेळ कमी लागतो आणि बिल जास्त होते, हेही नाकारता येत नाही. पुण्यातील डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून लिहिलेल्या ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ या २०१६ च्या पुस्तकात अनावश्यक तपासण्या व शस्त्रक्रियांविषयी खुद्द डॉक्टरांनीच सांगितले आहे. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी रुग्णालयांना सिझेरियनचे आकडे जाहीर करणे बंधनकारक करावे अशी मागणी करणारा अर्ज चालवला. त्यावर लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी तो विषय उचलून धरला.

तिसरे कारण भीतीचे आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. ‘सिझेरियन का केले’ म्हणून डॉक्टरांना क्वचितच कोणी न्यायालयात खेचते. ‘सिझेरियन का केले नाही’ म्हणून मात्र खेचते. रुग्णालयांत होणारी तोडफोडही सर्वांनी पाहिली आहे. बाळाच्या ठोक्यांत जरासा चढउतार दिसला की डॉक्टर धोका पत्करत नाहीत, यात नवल ते काय?

आणि चौथे कारण आपल्या घरात आहे. ‘‘किती वेळ तिला असे तळमळत ठेवणार? काय ते एकदाचे करून टाका,’’ असे दोन तासांनी आपणच म्हणतो. हे वाक्य चार वेळा ऐकलेल्या डॉक्टरचा धीरही सुटतो.

पहिल्या वेळी जपावे, ते का?

पहिले बाळंतपण कसे होते यावर पुढची बाळंतपणे बरीच अवलंबून असतात. सिझेरियन आज सुरक्षित झाले असले, तरी ती पोटाचे आणि गर्भपिशवीचे थर कापून केलेली मोठी शस्त्रक्रिया आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायातील शिरेत रक्ताची गुठळी होणे हे धोके नैसर्गिक प्रसूतीपेक्षा तिच्यात अधिक असतात. गर्भपिशवीवर राहिलेला व्रण पुढच्या खेपेला महत्त्वाचा ठरतो. वार खाली सरकून नेमकी त्या व्रणावर रुजली, तर ती सुटी होत नाही आणि जिवावर बेतणारा रक्तस्राव होतो. सिझेरियनच्या प्रत्येक खेपेबरोबर हा धोका चढत जातो.

तरीही ‘एकदा सिझर म्हणजे कायम सिझर’ हा नियम आता उरलेला नाही. एका सिझेरियननंतर योग्य निवड करून नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केलेल्या स्त्रियांपैकी चारांत सुमारे तिघींना यश येते. जुना व्रण उसवण्याचा धोका दोनशे जणींत सुमारे एकीला असतो; म्हणून असा प्रयत्न तातडीची शस्त्रक्रिया आणि रक्त यांची सोय असलेल्या रुग्णालयातच करावा. त्यासाठी पहिल्या वेळचे कागद हाती असावे लागतात. गर्भपिशवीवर छेद कोठे व कसा घेतला, ही नोंद त्यांत असते.

कारण ऐकताना

काही कारणे अशी असतात की तेथे एक क्षणही वाद घालू नये. वार गर्भाशयाच्या मुखावर आलेली असणे, नाळ बाळाच्या आधी खाली घसरणे, बाळ आडवे असणे, अंगावरून भरभरून रक्त जाणे, जुना व्रण उसवल्याची शंका, बाळाचे ठोके घसरून ते परत वर न येणे, ही त्यांतली ठळक होत. अशा वेळी ‘आम्ही घरी विचार करून सांगतो’ म्हणणे म्हणजे दोन जिवांशी खेळणे होय.

काही कारणे मात्र, घाई नसेल तर, समजून घेण्याजोगी असतात.

‘नाळ गळ्याभोवती आहे.’ सोनोग्राफीत हे दिसले की घर हादरते. वास्तविक चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती नाळ असते आणि त्यांतील बहुतेक नैसर्गिक मार्गाने सुखरूप जन्मतात. केवळ तेवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही.

‘कळा पुढे सरकत नाहीत.’ पूर्वी गर्भाशयाचे मुख तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे असा दंडक होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तो सैल केला. मुख पाच सेंटिमीटर उघडल्यावरच खऱ्या अर्थाने जोराच्या कळांचा टप्पा सुरू झाला असे आता मानतात आणि पहिलटकरणीला त्यानंतरही बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. आई व बाळ ठीक असतील, तर त्यापूर्वीचा संथ काळ हा आजार नव्हे.

‘बाळ पायाळू आहे.’ पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांत तीन-चार पायाळू असतात. बाळ शेवटपर्यंत पायाळू राहिले तर सिझेरियन सुचवणे रास्तच आहे. पण छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास पोटावरून हलक्या हाताने बाळ फिरवण्याचा प्रयत्न तज्ज्ञ डॉक्टर करू शकतात आणि सुमारे निम्म्या वेळा तो साधतो. ही सोय आहे का, हे आधीच विचारावे. शेजारच्या कोणा जाणत्या बाईकडून मात्र पोट चोळून घेऊ नये.

विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. ‘‘तुम्ही पैशांसाठी करताय का?’’ हा प्रश्न नव्हे, तो आरोप आहे. ‘‘डॉक्टर, या क्षणी आईला धोका आहे की बाळाला? आणखी दोन तास थांबलो तर काय होऊ शकेल? थांबलोच, तर तुम्ही कशावर लक्ष ठेवाल?’’ या तीन प्रश्नांना नीट उत्तर मिळाले की मनातील शंका बहुधा उरत नाही. आणि हे बोलणे ऐनवेळी दारात उभे राहून करण्याचे नव्हे. सातव्या-आठव्या महिन्यातील तपासणीच्या वेळी शांतपणे करण्याचे आहे. त्याच वेळी, रात्री कळा सुरू झाल्या तर डॉक्टर कोण असेल, भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, कळांची वेदना कमी करण्यासाठी पाठीच्या कण्यात इंजेक्शन देण्याची सोय आहे का, गेल्या वर्षी येथे किती प्रसूती झाल्या व त्यांतील किती सिझेरियनने, हेही मोकळेपणाने विचारावे.

असे विचारण्याचा हक्क कायद्यानेही दिला आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दरपत्रक दर्शनी भागी लावायचे आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे आणि आपल्या कागदपत्रांच्या प्रती मिळवणे हे त्या हक्कांपैकीच होत. पुणे शहरात या नियमांची अंमलबजावणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आहे.

आजी-आजोबांनी करावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे मुहूर्ताचा हट्ट सोडणे. ‘शस्त्रक्रिया करायचीच आहे, तर चांगल्या नक्षत्रावर करू,’ असे म्हणून पंचांग घेऊन डॉक्टरांकडे जाणारी कुटुंबे शिकल्या-सवरल्या वस्त्यांतही आहेत. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी बाळ बाहेर काढले, तर त्याला श्वासाचा त्रास होऊन अतिदक्षता कक्षात ठेवावे लागण्याची शक्यता वाढते. फुप्फुसे पक्व होण्याचा मुहूर्त पंचांगात लिहिलेला नसतो. शस्त्रक्रियेचा दिवस आधीच ठरवायचा असेल, तर तो डॉक्टरांनी आठवडे मोजून ठरवावा.

दुसरी गोष्ट सोबतीची. कळांच्या काळात विश्वासाचे माणूस सतत जवळ असले तर काय होते, याविषयी १७ देशांतील २६ अभ्यास, म्हणजे पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा अनुभव, २०१७ मध्ये एकत्र पाहण्यात आला. अशा सोबतीमुळे नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते, सिझेरियन कमी होतात आणि कळांचा काळही थोडा आटोपतो, असे त्यात दिसले. केंद्र सरकारनेही २०१६ पासून सरकारी रुग्णालयांत एका स्त्री नातेवाइकाला सोबत राहण्याची मुभा दिली आहे. तिने स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेला असावा, अशी अपेक्षा आहे. याहून आजीला साजेसे काम कोणते? पाठ चोळणे, घोटभर पाणी देणे, धरून चार पावले चालवणे, श्वासाची लय सांभाळायला सांगणे, एवढेच करायचे. ‘माझ्या वेळी दोन दिवस लागले होते’ असल्या गोष्टी तेवढ्या बाहेर ठेवायच्या. आजीला तासन्तास उभे राहणे झेपत नसेल, तर मावशी, आत्या किंवा थोरली जाऊ यांची पाळी आधीच ठरवावी.

तिसरी गोष्ट धीराची. आपण व्हरांड्यात जितके अस्वस्थ, तितकी ती आत अस्वस्थ. डॉक्टर ‘सर्व ठीक आहे, थांबू या’ म्हणत असतील, तर त्यांच्यामागे ‘काढून टाका’ची घाई लावू नये. आणि ते ‘आता थांबणे बरे नाही’ म्हणाले, तर सही करायला घरातल्या पुरुषांची वाट पाहत बसू नये. निर्णय जिच्या देहाचा आहे तिला सगळे समजावून सांगितलेले असावे, आणि ती शुद्धीवर असेल तर संमती तिचीच असावी.

शस्त्रक्रिया झालीच तर

बाळंतीण घरी आली की आपली परीक्षा सुरू होते. ‘सोपा मार्ग निवडलास’, ‘कळा न देता आई झालीस’ हे शब्द चुकूनही निघता कामा नयेत. पोटावर टाके घेऊन रात्रीतून चार वेळा बाळाला पाजायला उठणारी मुलगी कोणत्याही अर्थाने सोप्या मार्गाने गेलेली नसते.

तिला लवकर उठून हळूहळू चालू द्यावे. अंथरुणाला खिळवून ठेवल्याने पायात गुठळी होण्याचे भय वाढते. पाणी तोडू नये. भाजी-भाकरी, वरणभात, फळे असे साधे, भरपूर अन्न द्यावे. जखमेला शेगडीचा शेक किंवा धुरी देऊ नये, घरगुती लेप लावू नयेत. पहिले पिवळसर चिकाचे दूध बाळाला मिळालेच पाहिजे. मध आणि घुटी नको. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून कुशीवर वळून पाजणे सोयीचे पडते. बाळ उचलून देणे, लंगोट बदलणे ही कामे घरातील आजोबांनाही येतात, आणि आली पाहिजेत.

ताप, जखमेतून पू, अंगावरून फार रक्त किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, एकाच पोटरीला सूज व ठणका, धाप, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, यांतील काहीही दिसले तर ‘बाळंतपणात असे व्हायचेच’ म्हणून थांबू नये; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ती सतत रडवेली, गप्प किंवा बाळाविषयी उदासीन असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. पुढच्या बाळाचा विचार दीड-दोन वर्षे तरी दूर ठेवावा, आणि नातवंडाची घाई आपण तर मुळीच करू नये.

खासगी रुग्णालयांचा कारभार, विम्याचे नियम, प्रशिक्षित सुईणींची कमतरता हे प्रश्न धोरणाच्या पातळीवर सुटायचे आहेत आणि त्यांना वेळ लागेल. तोवर आपल्या हाती जे आहे ते थोडके नाही. आपल्या घरी यंदा कोणाचे दिवस भरत आले असतील, तर वरचे तीन प्रश्न एका कागदावर लिहून तिच्या फाइलीत ठेवा, सोबत कोण राहणार ते आजच ठरवा, आणि पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर जा.

पुढील अंकात बाळंतिणीच्या आहाराविषयी, डिंक-अळिवाच्या लाडवांसह, सविस्तर बोलू.